पोटातून आलेली विद्या

चिनी पुराणकथांची ओळख करून घ्यायची असेल तर कोपरगावच्या बेटापासून सुरुवात करावी, असं माझं मत आहे. बेट म्हणजे गोदावरीकाठचा जुना भाग. तिथे शुक्राचार्यांचं मंदिर आहे आणि कचेश्वराचंही. दैत्यांच्या गुरूचं असं मंदिर दुसरीकडे कुठेच नाही, हे कोपरगावकर ठासून सांगतात. शुक्राचा अस्त असला की एरवी लग्नाचे मुहूर्त निघत नाहीत. बेटात मात्र मुहूर्त बघावा लागत नाही, अशी श्रद्धा आहे. यजमानच शुक्र म्हटल्यावर त्याचा अस्त मोजायचा कोणी? कचाने संजीवनी विद्या मिळवली ती इथेच, ही इथली स्थळकथा. ‘संजीवनी’ हे नाव तर तालुक्यात साखर कारखान्यापासून इंजिनिअरिंग कॉलेजापर्यंत जाऊन पोचलं. मेलेल्याला उठवण्याची गोष्ट जिथे इतकी अंगवळणी पडली आहे, तिथल्या वाचकाला चीनच्या कथा सांगताना ‘पूर्वेकडच्या एका गूढ देशात’ अशी सुरुवात करायचं कारण नाही.

ही गूढ पूर्व आपल्याकडे आली ती इंग्रजी कोशांतून. ‘पौर्वात्य पुराणकथा’ असा एक कप्पा करून त्यात भारत, चीन, जपान, तिबेट असे सगळे कोंबायचे, ही युरोपची सोय. आपण ती उचलली आणि मग चिनी कथा वाचताना स्वतःही युरोपच्या खिडकीत जाऊन बसलो. चिनी माणसाच्या लेखी आपण पश्चिम आहोत. सोळाव्या शतकाच्या अखेरीस छापली गेलेली ‘पश्चिमेची यात्रा’ ही तिथली सर्वांत लाडकी अद्भुत कादंबरी. तिच्यातली पश्चिम म्हणजे भारत, बुद्धाचा देश. ज्या भिक्षूच्या प्रवासावर ती बेतली, तो युआन श्वांग (जुन्या पाठ्यपुस्तकांतला ह्युएन त्संग) खराखुरा माणूस होता आणि 641 च्या सुमारास तो दुसऱ्या पुलकेशीच्या राज्यात, म्हणजे महाराष्ट्रात, येऊन गेला. इथली माणसं मानी आहेत, उपकार विसरत नाहीत आणि अपमानही विसरत नाहीत, असं त्याने लिहून ठेवलं. लढाईला निघताना इथले वीर मद्य पितात आणि हत्तींनाही पाजतात, हेही त्याने टिपलं. थोडक्यात, चीनच्या कल्पनाविश्वात आपण आधीच आहोत. आपल्याला त्याचा पत्ता नाही, एवढंच.

म्हणून चिनी देवतांची यादी पाठ करण्यापेक्षा आपल्याला नीट माहीत असलेली एक गोष्ट हाताशी धरावी आणि तिच्यातला प्रश्न तिकडे नेऊन विचारावा. बेटातल्या गोष्टीतला प्रश्न सरळ आहे: मरणावरची सत्ता कोणाकडे असते आणि ती दुसऱ्याला मिळते कशी?

कच-देवयानीची कथा आदिपर्वात आहे आणि ती सगळ्यांना येते. पण तिचे काही तपशील आपण घाईत ओलांडून जातो. एक म्हणजे, या युद्धात देवांची बाजू मागासलेली आहे. दानव मेले की शुक्राचार्य त्यांना उठवतात. देवांच्या बृहस्पतीला ते जमत नाही. दुसरं, बृहस्पतीचा मुलगा कच नाव बदलून शिरत नाही. आपण कोण, कोणाचे, हे सांगून तो शिष्य होतो, आणि शुक्राचार्य शत्रूच्या मुलाला ठेवून घेतात. दानवांना हे पटत नाही. ते त्याला मारून लांडग्यांना घालतात. मग पुन्हा मारून त्याचा चुरा समुद्रात मिसळतात. शुक्राचार्यांची मुलगी देवयानी दर वेळी रडून वडिलांना भरीस पाडते आणि कच परत येतो. तिसऱ्या वेळी ते त्याला जाळतात आणि राख मद्यातून खुद्द गुरूलाच पाजतात. आता कच बाहेर यायचा तर गुरूचं पोट फाटणार. शुक्राचार्य पोटातल्या शिष्याला तिथल्या तिथे विद्या शिकवतात. कच पोट फाडून बाहेर येतो, समोर गुरू मरून पडलेला, आणि गुरूनेच दिलेल्या मंत्राने तो गुरूला उठवतो.

शुद्धीवर आल्यावर शुक्राचार्यांचा राग निघतो तो मद्यावर. ब्राह्मणाने मद्य प्यायल्यास काय होईल, याचा दंडक ते तिथेच घालतात. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांनी 1913 च्या ‘संगीत विद्याहरणा’त नेमका हाच धागा पकडला. आज याच परिसरात उसाच्या मळीपासून मद्यार्क निघतो, त्यावर तालुक्याचं अर्थकारण बऱ्यापैकी चालतं, आणि शुक्राचार्य गप्प आहेत.

या कथेत मरणावरचा उपाय हा मंत्र आहे. तो कुपीत भरून ठेवता येत नाही, चोरून खाता येत नाही. देणाऱ्याच्या मुखातून घेणाऱ्याच्या कानातच जावा लागतो. देणाऱ्याला तो देताना जीव गमवावा लागतो आणि घेणाऱ्याच्या इमानावर विसंबावं लागतं. कचाकडून लग्नाला नकार मिळालेली देवयानी शाप देते तोही याच जातीचा: ही विद्या तुला फळणार नाही. कच म्हणतो, मला न फळो, मी ज्याला शिकवीन त्याला फळेल. म्हणजे विद्येचं बळ व्यक्तीत नाही, परंपरेत आहे. खांडेकरांच्या ‘ययाति’मुळे (1959) आपल्याला कच-देवयानी प्रेमाच्या अंगाने जास्त आठवतात, पण मूळ कथेचा भर हस्तांतरावर आहे.

चीनमध्ये हाच प्रश्न घेऊन गेलं की हातात औषध येतं. पश्चिमेच्या कुनलुन पर्वतावर शी वांगमू ही राणीमाता राहते. तिच्याकडे अमरत्वाचं औषध आहे, आणि पुढच्या काळातल्या कथांत अमरत्वाच्या पीच फळांची बागही. आकाशात एकाच वेळी उगवलेल्या दहा सूर्यांपैकी नऊ बाणांनी पाडणारा होऊ यी हा धनुर्धर तिच्याकडून औषध मिळवतो आणि त्याची बायको छांग-अ ते गिळून चंद्रावर उडून जाते. तिने ते का गिळलं, याची उत्तरं काळानुसार बदलत गेली. जुन्या पाठांत ती चोर आहे, चंद्रावर गेल्यावर तिचा बेडूक होतो. पुढे ती एकाकी, सुंदर चंद्रदेवता होते आणि शरदातल्या पौर्णिमेला तिच्या नावाने घरोघर गोड पोळे खातात. चंद्रावर ससा आहे हे आपल्याप्रमाणेच त्यांनाही दिसतं, फक्त त्यांचा ससा खलबत्त्यात अमरत्वाचं औषध कुटत बसलेला असतो. 2013 मध्ये चीनने चंद्रावर उतरवलेल्या यानाचं नाव छांग-अ आणि त्यातून बाहेर आलेल्या गाडीचं नाव ‘जेडचा ससा’.

औषधाला पात्रता लागत नाही. ज्याच्या घशाखाली उतरेल तो अमर. ‘पश्चिमेच्या यात्रे’तला वानर सुन वुकोंग राणीमातेच्या बागेतली फळं फस्त करतो, मग लाओत्झूच्या भट्टीतल्या अमरत्वाच्या गोळ्या फुटाण्यांसारख्या तोंडात टाकतो. हे औषध त्याला कोणी दिलेलं नव्हतं. गुरूची सेवा करत झिजणारा कच आणि गोळ्यांचे तुंबे रिकामे करणारा हा वानर शेजारी उभे केले की दोन संस्कृतींतला फरक एका नजरेत दिसतो. निदान तसं वाटतं.

पण खरी चिनी गंमत औषधात नाही, नोंदवहीत आहे. हाच वानर पाताळात जातो, यमाच्या कचेरीत मृत्यूची वही मागवतो आणि आपलं नाव शाईने खोडतो. वर सगळ्या वानरांची नावंही खोडून टाकतो. काम झालं. वही सांगते तेच खरं. त्याच कादंबरीत थांग वंशाचा सम्राट थायत्सुंग मरून पाताळात पोचतो. तिथला दप्तरदार त्छुइ च्युए हा जिवंतपणी सम्राटाच्या बापाचा अधिकारी होता. तो वही उघडतो. राजाच्या नावापुढे तेरा वर्षं लिहिलेली आहेत, आणि ती भरली आहेत. दप्तरदार हळूच कुंचला उचलतो, चिनी एकच्या आकड्यावर आणखी दोन रेघा ओढतो. तेराचे तेहतीस होतात. वीस वर्षांचं आयुष्य बहाल करून राजाला सन्मानाने परत पाठवलं जातं, आणि त्यातूनच पुढे युआन श्वांगला भारताकडे धाडण्याची कथा सुरू होते.

हे वाचताना कोपरगावच्या माणसाला राघोबादादा न आठवले तर नवल. ‘ध’चा ‘मा’ ही आख्यायिका 1773 मधल्या नारायणराव पेशव्यांच्या खुनाची. धरावे होतं, आनंदीबाईंनी मारावे केलं असं लोक सांगतात, इतिहासकार मान्य करोत न करोत. राघोबांची अखेर 1783 मध्ये कोपरगावात झाली. त्यांच्या वाड्यामुळे गावाला तो इतिहास चिकटलेलाच आहे. एका कागदावर एक अक्षर बदललं आणि राजा गेला. दुसऱ्या कागदावर दोन रेघा वाढल्या आणि राजा वाचला. कागदाच्या या सामर्थ्यावर मराठी माणसाचाही पुरता विश्वास आहे, पण तो आपण बखरीत ठेवला, पुराणात जाऊ दिला नाही. चिनी लोकांनी तो थेट स्वर्गात नेऊन बसवला.

त्या स्वर्गात जेड सम्राट दरबार भरवतो. गावोगावचे नगरदेव म्हणजे नेमणुकीवर आलेले अधिकारी, पुष्कळदा पूर्वी होऊन गेलेली सचोटीची माणसं. स्वयंपाकघरातला चूलदेव वर्षअखेरीस वर जाऊन घराचा अहवाल देतो, म्हणून त्याआधी त्याच्या ओठांना मध किंवा चिकट गोड काहीतरी फासतात. लाच म्हणा, तोंडबंदी म्हणा.

आता कोणी म्हणेल, चित्रगुप्त विसरलात काय? विसरलेलो नाही. वही आपल्याकडेही आहे. पण आपल्या कथांत मरणातून सुटलेल्यांपैकी चित्रगुप्ताची शाई पुसून कोण सुटलं? सावित्री यमाला बोलण्यात जिंकते. मार्कंडेय पिंडीला मिठी मारतो. नचिकेता तर सुटायला गेलेलाच नसतो, तो प्रश्न विचारत बसतो. आपण वहीवाल्याला ओलांडून थेट मालकाकडे जातो. आणि तरीही हा फरक मी फार ताणणार नाही, कारण पाऊस लांबला की चिनी खेड्यांत नागराजाची, म्हणजे त्यांच्या पर्जन्यदेवतेची, मूर्ती देवळाबाहेर काढून उन्हात ठेवत, भाजून निघाला की ताळ्यावर येईल म्हणून. आणि आपण महादेवाचा गाभारा पाण्याने भरून त्याला कोंडतो. ते देवाला उन्हात घालतात, आपण पाण्यात. दोघांचीही देवाशी बोलायची भाषा त्या दिवसापुरती एकच.

थायत्सुंगची गोष्ट कादंबरीपाशी संपत नाही, आणि इथे ती आपल्याला येऊन भिडते. खरा थायत्सुंग म्हणजे युआन श्वांग 645 मध्ये परतल्यावर त्याला आश्रय देणारा सम्राट. 648 मध्ये त्याचा वकील वांग श्युआन-त्से भारतातून एका वैद्याला घेऊन आला. चिनी दप्तरात त्याचं नाव उच्चाराबरहुकूम उतरवलं आहे. ते नारायणस्वामी असावं, असं अभ्यासक मानतात. आपण दोनशे वर्षांचे आहोत आणि दीर्घायुष्याचं औषध करून देतो, असं त्याचं म्हणणं होतं. सम्राटाने त्याला सगळी साधनं दिली, औषध तयार झालं, ते लागू पडलं नाही, आणि 649 मध्ये थायत्सुंग वारला. चीनने आपल्याकडून सूत्रं मागवली तशी संजीवनीही मागवली होती. आपण पाठवलं ते त्यांच्याच पद्धतीचं: गुरुकुल नाही, कुपी. कादंबरीकाराला हा तपशील माहीत होता की नाही कोण जाणे. त्याने राजाला वाचवलं ते मात्र वैद्याकरवी नाही, कारकुनाकरवी.

जपानचा धावता उल्लेख करतो, कारण तिथे उत्तर फार कोरडं आहे. इझानागी मेलेल्या इझानामीला आणायला पाताळात जातो, पाहू नकोस म्हटलेलं असताना पाहतो, तिचा सडलेला देह बघून पळतो आणि वाटेवर शिळा लावतो. शिळेपलीकडून ती म्हणते, मी रोज हजार माणसं मारीन. तो म्हणतो, मी रोज दीड हजार जन्माला घालीन. हिशेब मिटला. संजीवनी नाही, वही नाही. पण चीनचा पहिला सम्राट छिन श-हुआंग याने अमरत्वाचं औषध आणायला समुद्रात धाडलेला शू फू जपानलाच उतरला, असं जपानी लोक मानतात, आणि शिंगू गावात त्याचं थडगंही दाखवतात. बेटातल्या शुक्राचार्यांवर जसा कोपरगावचा हक्क, तसा शू फूवर शिंगूचा. पुराणकथा ग्रंथांनी टिकते त्याहून अशा गावांच्या हट्टाने जास्त टिकते.

शुक्राला तारा म्हणून पाहिलं तर आणखी एक मौज हाती लागते. चीनमध्ये शुक्र म्हणजे थाय-पाय, धवल तारा. धातूचा, पश्चिमेचा, आणि स-मा छिएनच्या इतिहासग्रंथात सैन्याचा आणि शिक्षेचा. पुढे भारतातली नवग्रहांची विद्या बौद्धांबरोबर आणि ज्योतिषांबरोबर तिकडे गेली. 718 मध्ये गौतम सिद्ध या भारतीय वंशाच्या दरबारी ज्योतिषाने आपलं नवग्रह-गणित चिनीत उतरवलं. तुनह्वांगच्या गुहेत सापडलेल्या 897 मधल्या चित्रात शुक्र हातात पिपा हे तंतुवाद्य घेतलेली स्त्री आहे. ‘पश्चिमेच्या यात्रे’त मात्र तोच शुक्र पांढऱ्या दाढीचा म्हातारा होतो, आणि त्याचं काम काय, तर तडजोड. सुन वुकोंग दंगा करतो तेव्हा सैन्य कशाला, त्याला एखादी नोकरी देऊन टाका, हा सल्ला तोच सम्राटाला देतो. वानराला पागेचा अधिकारी नेमतात. आपल्याकडे शुक्राचार्य विरोधी गोटाचे गुरू, वामनाने डोळा फोडला तरी बळीच्या बाजूला राहणारे. तिकडे ते दरबाराचे समेट घडवणारे मुत्सद्दी. ग्रह एकच, पण कोणाला गुरू लागतो आणि कोणाला मध्यस्थ, हे ज्याने त्याने ठरवलं.

इथे आपला एक आवडता उद्योग सुरू होतो: सगळं आपल्याकडूनच गेलं. सुन वुकोंग म्हणजे हनुमान, संपला विषय. चीनमध्येही 1920 च्या दशकात यावर वाद झाला. हू श्र याने भारतीय मूळ धरलं, तर लू शुनने हुआय नदीतल्या वूझ्‌ची या देशी जलवानराकडे बोट दाखवलं. माझा कल मध्ये कुठेतरी आहे, पण मला वादच फारसा महत्त्वाचा वाटत नाही. हनुमान स्वामीच्या कामासाठी द्रोणागिरी उचलतो, स्वतः चिरंजीव असूनही अमरत्वाच्या मागे लागत नाही. सुन वुकोंगची सगळी धडपड स्वतःचं मरण टाळण्याची आणि मानाचा हुद्दा मिळवण्याची. शेपटी सारखी आहे म्हणून माणूस सारखा होत नाही.

जिथे उसनवारीचा संशयही घ्यायला जागा नाही, तिथली साम्यं मला जास्त छळतात. कचाच्या कथेशी सर्वांत जवळची चिनी कथा अमरत्वाची नाहीच, पुराची आहे. महापूर आला तेव्हा कुन नावाच्या पुरुषाने स्वर्गातून आपोआप वाढणारी माती चोरली आणि बांध घालत सुटला. नऊ वर्षं बांध घातले, पाणी चढतच राहिलं. देवाने त्याला ठार मारवलं. तीन वर्षं त्याचं प्रेत सडलं नाही. मग ते चिरलं, तेव्हा पोटातून त्याचा मुलगा यू बाहेर आला. एकाचं फाटलेलं पोट, त्यातून निघालेला दुसरा, आणि त्याच्याकडे पहिल्याची विद्या. इथवर कचच.

पुढे रस्ते वेगळे होतात. कच बाहेर येतो आणि पहिलं काम करतो ते गुरूला उठवण्याचं. यू बापाला उठवत नाही. तो बापाची पद्धत उलटी करतो: बांध सोडतो आणि चर खणतो, पाण्याला समुद्राकडे जायला वाट करून देतो. स-मा छिएनच्या हिशेबाने तेरा वर्षं तो राबला, स्वतःच्या दारावरून गेला तरी आत शिरला नाही, पायांवरचे केस झडले, चाल लंगडी झाली. पुराचं पाणी उतरलं, त्याला गादी मिळाली, आणि परंपरेने चीनचा पहिला राजवंश त्याच्यापासून धरला जातो. वाडवडिलांना रोज उदबत्ती लावणाऱ्या देशाने आपल्या आद्य राजाची गोष्ट अशी सांगावी, की तो मोठा झाला तो बापाची चूक दुरुस्त करून! उलट, गुरुशिष्यांत वादविवादाची एवढी मोठी परंपरा असलेल्या आपल्या देशात पोट फाडून आलेला शिष्य गुरूचाच मंत्र गुरूवर चालवतो, अक्षर न बदलता. माझ्या मते या दोन परंपरांमधला कळीचा फरक अमरत्वाच्या कल्पनेत नाही, तो इथे आहे: हाती आलेल्या विद्येने मागच्याला जिवंत करायचं, की मागच्याला मेलेलं राहू देऊन विद्या सुधारायची.

पाण्याच्या कथांतही तेच दिसतं. आपल्या नद्या तपाने येतात. गोदावरी गौतमाच्या तपाने त्र्यंबकेश्वरी उतरली, गंगा भगीरथाच्या. खणणारेही आपल्याकडे होते, सगराचे साठ हजार पुत्र. त्यांची राख झाली. कुदळ हाती घेतलेल्याला आपल्या पुराणाने फारसा मान दिलेला नाही.

पण कोपरगावचा शेतकरी गौतमाच्या गोदावरीवर जगत नाही, नांदूर मध्यमेश्वरच्या बंधाऱ्यातून निघालेल्या डाव्या आणि उजव्या कालव्यांवर जगतो. विसाव्या शतकाच्या पहिल्या दोन दशकांत दारणा धरण आणि हे कालवे झाले, त्यानंतर इथे ऊस आला, साखर आली, आणि संजीवनी हे नाव मंदिरातून कारखान्याच्या फाटकावर गेलं. आवर्तन कधी सुटणार, चारीला किती दिवस पाणी राहणार, पिण्याचं आधी की शेतीचं, यावर गावात होणारी चर्चा यूला ताबडतोब कळली असती. 2005 च्या जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाच्या कायद्यानंतर तर वरच्या धरणांतून जायकवाडीला किती पाणी सोडायचं, याचा वाद कोर्टापर्यंत गेला. त्या सगळ्या कागदपत्रांत गौतम ऋषींच्या तपाला स्थान नाही. आकडे आहेत, टक्के आहेत, कलमं आहेत, आणि त्यांवर सह्या करणारे अधिकारी आहेत. नदीचा असा कारभार ज्या पुराणात नायकपदाला चढला, ते आपल्याला परकं वाटण्याचं कारण नाही. कुंभमेळ्याला आपण गोदावरीला माता म्हणून नमस्कार करतो, आणि टेलला पाणी पोचलं नाही की शिव्या पाटकऱ्याला घालतो, चूलदेवाच्या ओठांना मध लावणाऱ्या चिनी गृहिणीइतक्याच व्यवहारी बुद्धीने.